‘लिव्ह इन माढा’ की ‘लीव्ह माढा’?

एक छोटा प्रयोग करूया. ‘प्लंबर’ हा शब्द मोठ्याने म्हणा. ‘ब’ स्पष्ट ऐकू आला ना? इंग्लंडमध्ये हा ‘ब’ कुणी उच्चारत नाही. तिथं तो ‘प्लमर’ असतो. पण माढ्यात नळ गळायला लागल्यावर तुम्ही ‘प्लमरला बोलवा’ म्हणालात, तर घरचे विचारतील, हा कोण नवीन पाहुणा?

इथपर्यंत गंमत आहे. पण हाच ‘ब’ पुण्यातल्या एखाद्या मुलाखतीत तोंडातून निघाला की गंमत संपते. समोरचा किंचित हसतो. आपण पुढचं वाक्य गिळतो. विषय येत असतो, उत्तर माहीत असतं, तरी तोंड उघडत नाही. कॉलेजमध्ये सेमिनारच्या दिवशी शेवटच्या बाकांवर बसलेल्यांना विचारा. ‘येत नाही’ म्हणणारे थोडे असतात. ‘हसतील’ म्हणणारे जास्त.

म्हणून आज थोडं आपल्या इंग्लिशबद्दल. हे इंग्लिश चुकलेलं आहे, की वेगळं आहे? आणि त्यातलं काय बदलायला हवं, काय तसंच राहिलं तरी चालेल?

बातमी काय आहे?

2025 च्या सुरुवातीला एक बातमी आली. टेलिपरफॉर्मन्स ही फ्रान्सची, कॉल सेंटर क्षेत्रातली जगातली सर्वांत मोठी कंपनी. तिने भारतातल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘सॅनास’ या अमेरिकन कंपनीचं एआय सॉफ्टवेअर वापरायला घेतलं. हे सॉफ्टवेअर बोलणाऱ्याचा ॲक्सेंट त्याच क्षणी बदलतं. म्हणजे बोलणार भारतातला मुलगा, आणि पलीकडच्या ग्राहकाला ऐकू येणार ‘सौम्य’ केलेलं, अमेरिकन कानाला सोपं वाटणारं इंग्लिश.

याच्या दोन बाजू आहेत. एक म्हणजे, ॲक्सेंटमुळे शिव्या खाणाऱ्या कर्मचाऱ्याची त्यातून थोडी सुटका होऊ शकते. दुसरी बाजू टोचणारी आहे. तुमचं काम हवं, तुमचं डोकं हवं, रात्रभर जागणं हवं. फक्त तुमचा आवाज तुमच्यासारखा नको.

या धंद्यात एक शब्द नेहमी ऐकू येतो. ‘एमटीआय’. मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. नोकरीच्या जाहिरातीत ‘नो एमटीआय’ असं सरळ लिहिलेलं असतं, जणू तो एखादा आजार आहे.

एमटीआय कुणाला नसतो?

आता आपल्याच जिल्ह्यातला इतिहास बघा. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने आपल्याकडे अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे सुरू केली. कुर्डुवाडीपासून, म्हणजे त्या काळच्या ‘बार्शी रोड’पासून, बार्शीपर्यंत. पण तिचं अधिकृत नाव इंग्रजीत लिहिलं गेलं ‘बारसी लाइट रेल्वे’. बार्शीतला ‘श’ गेला आणि तिथं ‘स’ आला.

दुसरीकडे सोलापूरचं त्यांनी काय केलं? ‘शोलापूर’! जिथं ‘श’ होता तिथं ‘स’, आणि जिथं ‘स’ होता तिथं ‘श’. पुण्याचं ‘पूना’ केलं, खडकीचं ‘किरकी’. हा चक्क एमटीआय आहे. पण साहेबाला कुणी ॲक्सेंट ट्रेनिंगला पाठवलं नाही. उलट त्याचे उच्चार नकाशावर छापले गेले आणि आपण ते कित्येक वर्षं वापरले.

सांगायचा मुद्दा इतकाच. दुसरी भाषा बोलताना प्रत्येकाच्या तोंडात पहिली भाषा असतेच. कुणाचं बोलणं ‘ॲक्सेंट’ ठरतं आणि कुणाचं ‘चूक’, हे जिभेवर कमी आणि पैसा-सत्ता कुणाकडे आहे यावर जास्त ठरतं.

खरं तर हे आपल्याला नवीन नाही. माढ्याचं पोरगं पुण्यात जाऊन ‘पानी’ म्हणालं की तिथंही कुणीतरी ‘ण’ची शिकवणी घेतंच. म्हणजे आधी मराठीत हसणार, मग इंग्लिशमध्ये. फरक एवढाच, की मराठीत आपण उलट उत्तर देतो आणि इंग्लिशमध्ये गप्प बसतो.

कानाने आलेलं, डोळ्याने आलेलं

आपल्याकडे इंग्लिश दोन वाटांनी आलं. पहिली वाट कानाची. रेल्वे आली, फौज आली, कचेऱ्या आल्या. लोकांनी शब्द ऐकले आणि आपल्या जिभेला जमेल तसे वळवले. स्टेशनचं ‘टेसन’ झालं, पॅकेटचं ‘पाकीट’, लॉर्डचा ‘लाटसाहेब’. हे शब्द इतके मुरले की आता ते परके वाटतही नाहीत.

दुसरी वाट डोळ्याची, म्हणजे शाळेची. इथं शब्द आधी पुस्तकात दिसला आणि ऐकायला कुणी नव्हतंच. मग स्पेलिंग दिसेल तसा उच्चार झाला. ‘प्लंबर’मधला ‘ब’ तिथून आला. ‘कम्फर्टेबल’ आणि ‘व्हेजिटेबल’च्या शेवटी आपण जे लाकडी टेबल ठेवतो, तेही तिथूनच. दिसेल ते प्रामाणिकपणे वाचणाऱ्यांचा हा उच्चार आहे. देवनागरीत लिहिलेलं सगळं साधारण वाचायचं असतं, हीच सवय आपण इंग्लिशला लावली. इंग्लिश स्पेलिंग त्या सवयीला जागत नाही, त्यात आपला काय दोष?

राज्यात 2000 साली सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. गेल्या वर्षी पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून, म्हणजे हिंदीवरून, केवढा गदारोळ झाला ते आठवा. 16 एप्रिल 2025 चा जीआर, मग दुरुस्ती, मोर्चाची घोषणा आणि शेवटी 29 जूनला सरकारची माघार. त्या सगळ्या चर्चेत इंग्लिशबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ते पंचवीस वर्षं पहिलीपासून आहेच. पण ते ‘बोलायला’ कितपत शिकवलं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

याला नियम आहेत

चूक आणि बोली यात एक मोठा फरक असतो. चूक कशीही होते, बोली नियमाने चालते. आपल्या इंग्लिशला पक्के नियम आहेत.

वाक्याच्या शेवटी येणारा ‘ओन्ली’ घ्या. ‘आय ॲम फ्रॉम माढा ओन्ली.’ हा आपला ‘च’ आहे. ‘मी माढ्याचाच.’ मराठीतला जोर दाखवायला इंग्लिशमध्ये सुटसुटीत सोय नव्हती, ती आपण करून घेतली. ‘कझिन ब्रदर’ का म्हणतो? कारण नुसतं ‘कझिन’ म्हटलं तर चुलतभाऊ की मामेबहीण, काहीच कळत नाही. निदान भाऊ की बहीण एवढं तरी कळू दे! ‘टुडे मॉर्निंग’ म्हणजे ‘आज सकाळी’. परीक्षा आपण ‘देतो’, म्हणून ‘आय गेव्ह द एक्झाम’.

काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी अशाच गोष्टींवर आयुष्यभर काम केलं. 1983 मध्ये त्यांचं ‘द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश’ हे पुस्तक आलं. जगात इंग्लिश एक नाही, अनेक आहेत, आणि भारतीय इंग्लिश त्यातलंच एक, हा विचार त्यांनी जगभरच्या विद्यापीठांत नेला.

डिक्शनरीवाल्यांनाही हे पटलेलं आहे. 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीची दहावी आवृत्ती आली. तिच्यात 26 नवे भारतीय इंग्रजी शब्द घेतले गेले. ‘चाळ’, ‘डबा’, ‘टेम्पो’, ‘ट्यूबलाइट’, ‘बस स्टँड’. शिवाय वीज या अर्थाने ‘करंट’ हा शब्द ऑनलाइन आवृत्तीत गेला. आपला बस स्टँड ऑक्सफर्डला पोचला म्हणायचा! त्याआधी कधीतरी आपलं मुंगूसही तिकडं गेलंच होतं. इंग्लिशमधला ‘मंगूस’ हा शब्द मराठीतूनच गेलेला आहे.

आणि ‘शुद्ध’ इंग्लिश म्हणून जे आपल्यापुढं धरलं जातं, ते इंग्लंडमध्ये तरी किती जण बोलतात? पीटर ट्रडगिल या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज होता, सुमारे 3 टक्के. उत्तर इंग्लंडमध्ये ‘बस’ला ‘बुस’च्या जवळ जाणारा उच्चार करतात. ‘कार’मधला ‘र’ लंडनचा माणूस गिळतो, पण स्कॉटलंडचा माणूस आपल्यासारखाच ठणठणीत म्हणतो. लिव्हरपूलचं इंग्लिश वेगळं, न्यूकॅसलचं वेगळं. शिकायला तिकडं गेलेली आपली मुलं पहिल्या आठवड्यात बावरतात ती यामुळंच. पुस्तकातलं इंग्लिश तिथल्या बस ड्रायव्हरने वाचलेलं नसतं.

मग सगळंच चालतं का?

नाही. इथं स्वतःशी प्रामाणिक राहायला हवं. बोली असणं वेगळं आणि समोरच्याला न कळणं वेगळं. प्रश्न ‘साहेबासारखं वाटतं का’ हा नाही, ‘समजतं का’ हा आहे.

हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतले आर. के. बन्सल यांनी याच प्रश्नावर अभ्यास केला. 1969 मध्ये तो प्रसिद्ध झाला. भारतीयांचं इंग्लिश ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास समजतं, असं त्यात दिसलं. अडचण कुठं येत होती? शब्दातला जोर चुकीच्या जागी पडणं, हे त्यातलं मोठं कारण होतं.

हे आपल्याला पटकन लक्षात येत नाही, कारण मराठीत जोराने अर्थ बदलत नाही. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने बोलतो. इंग्लिशमध्ये एका अक्षरावर जोर देतात आणि बाकीची जवळजवळ गिळतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर. पण ‘फोटोग्राफर’ म्हटलं की तो उडी मारून ‘टॉ’वर जातो आणि शब्द होतो ‘फटॉग्रफर’. ‘हॉटेल’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावर. जोर हलला की ऐकणाऱ्याला अख्खा शब्दच ओळखू येत नाही.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. बोलताना आपण इ-ई आणि उ-ऊ यांच्यात फार फरक करत नाही. लिहिताना वेलांटी पहिली की दुसरी, यावर मार्क जातात ते त्यामुळंच. इंग्लिशमध्ये मात्र इथं अर्थच उलटतो. ‘आय लिव्ह इन माढा’ म्हणजे मी माढ्यात राहतो. ‘लिव्ह’ जरा लांबला आणि ‘लीव्ह’ झाला की ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्ही माढा सोडून निघालात. ‘फिल’ आणि ‘फील’, ‘शिप’ आणि ‘शीप’ यांचंही तेच.

तिसरी गोष्ट हवेची. तोंडासमोर तळहात धरा आणि ‘पेन’ म्हणा. हाताला फारशी हवा लागत नाही. इंग्रज माणूस म्हणतो तेव्हा ‘प’बरोबर हवेचा झोत येतो. ती हवा नसली की त्याला ‘बेन’ ऐकू येऊ शकतं. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘ट’ आणि ‘क’चंही असंच.

चौथी गोष्ट ‘व’ आणि ‘व्ह’ची. इथं मात्र मराठी लिपी आपल्याला मदत करते. ‘व्हॅन’ आणि ‘वन’ आपण वेगळे लिहितो. नुसतं लिहिल्याप्रमाणे म्हणायची सवय लावली तरी बरंचसं काम होतं. ‘व्ह’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, ‘व’ म्हणताना ओठ गोल करायचे. बस्स.

शब्दांमध्येही काही खड्डे आहेत. ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणजे आपल्या लेखी ‘एक शंका आहे’. बाहेरच्या प्राध्यापकाला वाटू शकतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. तिथं ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘हॉटेलच्या बॅकसाइडला’ हे तर बाहेर अजिबात नको. ‘बॅकसाइड’चा तिकडचा अर्थ शरीराच्या मागच्या भागाशी जोडलेला आहे!

आता उलट बाजू. कशाचं टेन्शन नको? ‘थिंक’मधला आपला मराठी ‘थ’, ‘दॅट’मधला ‘द’, आपले जाड ‘ट’ आणि ‘ड’, ठणठणीत ‘र’. हे ऐकून तुम्ही भारतीय आहात हे कळतं, पण बोलणं अडत नाही. जेनिफर जेनकिन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 2000 मध्ये वेगवेगळ्या मातृभाषांची माणसं एकमेकांशी इंग्लिश बोलतात तेव्हा कुठं अडतं, हे तपासून मांडलं. तिच्या यादीत ‘थ’-‘द’चे उच्चार बिनमहत्त्वाचे ठरले. ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘प-ट-क’ची हवा महत्त्वाची ठरली. आपण मात्र नेमका उलटा जीव काढतो. ‘थँक यू’ साहेबी व्हावं म्हणून जीभ दातात धरतो आणि ‘लिव्ह’-‘लीव्ह’ सोडून देतो.

परदेशात जाण्यासाठीच्या आयईएलटीएस परीक्षेतही बोलण्याचे गुण चार गोष्टींवर सारखे वाटलेले असतात: ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उच्चारातही बघतात ते समजतं का हे. ब्रिटिश वाटतं का, हे नाही.

ऐकणाऱ्याचं काय?

बोलणं दोघांचं असतं. मग समजण्याचा सगळा भार एकट्या बोलणाऱ्यावर का?

हा प्रश्न आता जास्त गंभीर झालाय, कारण ऐकणारा अनेकदा माणूसच नसतो. कस्टमर केअर, व्हॉइस टायपिंग, काही ठिकाणी तर नोकरीची पहिली चाळणीही यंत्रच करतं. 2020 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा तपासल्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात यंत्र सरासरी 19 टक्के शब्द चुकत होतं. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात 35 टक्के. दोघंही जन्मापासून इंग्लिशच बोलणारे, तरी हा फरक! यंत्राला ज्यांचे आवाज जास्त ऐकवले, त्यांचंच त्याला जास्त कळतं.

मग माढ्यातल्या पोरीचं इंग्लिश यंत्राने नाकारलं तर नापास कोण झालं, ती की यंत्र? मुलाखतीच्या चाळणीत असं यंत्र लावणाऱ्या कंपन्यांना हे विचारायला हवं. कॉलेजच्या प्लेसमेंट सेलनेही विचारायला हवं. बोलणाऱ्याचा आवाज सौम्य करणारं सॉफ्टवेअर निघतं. ऐकणाऱ्याचा कान तयार करण्यावर तेवढाच खर्च झाला तर?

आणि कान तयार होतात, याचं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला. घोषणा केली ब्रिटिश अभिनेते स्टीफन फ्राय यांनी. डिसले गुरुजींनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’ या त्यांच्या उपक्रमात भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराण-इराक अशा देशांतली मुलं एकमेकांशी जोडली गेली. अशा गप्पांमध्ये कुणाचंच इंग्लिश लंडनचं नसतं. तरी गप्पा होतात, कारण दोन्हीकडून ऐकायची तयारी असते. आणि त्या दिवशी ‘परितेवाडी’ हे नाव उच्चारायची कसरत जगाला करावी लागली. ते नाव सोपं करून द्या, असं कुणी म्हणालं नाही.

आजपासून काय?

मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवा आणि रोज पाच वाक्यं बोलून बघा. कुठला शब्द चुकीचा उमटतो ते वहीत लिहा. आठवड्याभरात कळेल, की अडणारे शब्द शंभर नाहीत, पंधरा-वीसच आहेत. नवीन शब्द शिकताना अर्थाबरोबर जोर कुठं, हेही डिक्शनरीत ऐका. जरा सावकाश बोला. आपण घाबरलो की वेग वाढतो आणि जोर हरवतो. समोरच्याचं कळलं नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ असं बिनधास्त विचारा. हा प्रश्न विचारायचा हक्क फक्त समोरच्याला नसतो. लिहिताना मात्र, अर्जात आणि परीक्षेत, प्रमाण इंग्लिशच वापरा. तिथं सवलत मिळत नाही.

आणि एक शेवटचं. पुढच्या सेमिनारला कुणी ‘कम्फर्टेबल’मधलं टेबल जोरात आपटलं, तर आपण हसायचं नाही. आपली तोंडं साहेबाने बंद केली नव्हती. बहुतेक वेळा ती शेजारच्या बाकावरच्या हसण्यानं बंद होतात. तेवढं थांबवणं तर आपल्याच हातात आहे ना?